सेल माझ्या खिशात होते

भूत-बित मी मानत नाही. चौथीपर्यंत शिकलो, रेल्वेत पॉइंट्समन होतो, गाड्यांचे सांधे बदलणारा, रायपुरातल्या गुढियारीच्या रुळांवर सारी उमर मालगाड्यांमधून अंधारात हिंडलो... एक सावली दिसली नाही. तरी हे लिहून राहिलो.

रायपूर राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझी पोरगी माधुरी सरकारी ऑफिसात लागली होती. तिच्यापाशी तळहाताएवढी इलेक्ट्रॉनिक डायरी होती, काडीनं लिहायची. तिची आई शेवटचा महिना खाटेवर होती. तेव्हा ती जे जे बोलली ते पोरीनं त्याच्यात लिहून घेतलं — सांडग्यांचं प्रमाण, कोणाशी अबोला धरला नि काहून, माझ्याबद्दलच्या तक्रारी. आई गेली. आता ते सारं कंप्यूटरमध्ये घ्यायचं होतं. कंप्यूटरवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं. डायरी कंप्यूटरले तारेनं जोडलेल्या स्टँडवर ठेवायची, स्टँडचं बटन दाबायचं, की इकडलं तिकडं जाते म्हणे. पण आठ दिवस कंप्यूटर एकच सांगे — मशीन सापडत नाही.

"तार ढिली आहे," मी म्हटलं.

"तार नहीं बाबा, कंप्यूटर में पोर्ट का नाम गलत डला है कहीं."

"मले शिकवू नको."

"हव, तुमच्या रेल्वेत कंप्यूटर रुळावरूनच जात होते ना."

दुसऱ्या दिवशी ती कंप्यूटर चालूच सोडून ऑफिसले गेली. मी तारेचे दोन्ही स्क्रू आवळले. मग डायरी उचलली नि मागचे सेल काढले. ड्यूटीची सवय... काम नसलं की टॉर्चचे सेल काढायचे, नाहीतर पाझरतात. सेल सदऱ्याच्या खिशात, डायरी माझ्या पेटीत. बारा वाजले असतील.

साडेपाचले तिची स्कूटी वाजली. घाईनं सेल घातले, तर डायरी कोरी. नव्या मशीनसारखी तारीख विचारे. सेल निघाले की तिच्यातलं सारं पुसून जाते, हे मले ठाऊक नव्हतं. विचारलं तरी कुठं होतं मी... स्टँडवर ठेवली नि दार उघडायले गेलो.

माधुरी कंप्यूटरपुढं बसली. "बाबा... आ गया. सब आ गया."

पडद्यावर आईचं बोलणं, ओळीमागून ओळ. त्याच्याखाली ते सारं कंप्यूटरमध्ये आल्याची वेळ — दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

दोनले सेल माझ्या खिशात होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"डायरीतलं गेलं वाटते, पण चालते," ती म्हणाली. मग तिनं स्क्रू पाहिले. "तुम्हीच बरोबर होते बाबा. तारच ढिली होती." ऑफिसात सांगत फिरली, आमच्या बाबानं दुरुस्त केलं. मी छाती काढून ऐकलं.

तिच्या ऑफिसातल्या लिनक्सवाल्याले एकदा आडून विचारलं — सेल काढल्यावर डायरी कंप्यूटरशी बोलते का? "दादाजी, बिना सेल के तो वो पत्थर है," तो हसला.

याच्यापुढं मले काही समजत नाही. बायकोचं शेवटचं बोलणं मी पुसलं, एवढं पक्कं. परत कोणी आणलं ते आजही माहीत नाही. हे ज्या मासिकाले धाडतो, त्याचा अंक घरी आला की माधुरीच आधी उघडते. तिले तोंडानं सांगणं इतकी वर्षं जमलं नाही.