गुडघ्याचा बर्फ आणि माझा

बाळंतपणाला वर्ष उलटलं तरी मला धड बसता येत नव्हतं. अकोल्याला बँकेत खुर्चीवर टेकलं की ओटीपोटाच्या तळाशी आग सुरू व्हायची. आधीच्या डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, "मन रमवा." मी रमवलं. दुखणं काही रमलं नाही.

माहेरी, अमरावतीला गेले तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी नीट तपासलं. तळाचे स्नायू आखडले होते. त्यांनी व्यायाम दिले, आणि दुखणं चढलं की बर्फाची पिशवी सुती कापडात गुंडाळून थोडा वेळ लावायला सांगितली.

परत आल्यावर मी ती पिशवी झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी डब्यासकट कचऱ्यात.

"निवदाचं दूध असते त्या फ्रीजात," सासूबाई म्हणाल्या. "अन् थे तू कुठं लावतं! शी!"

"मग दुखलं तर काय करू?"

"सहन कर. आमी नाही केलं?"

नवरा तिथेच मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. त्याला नेमक्या तेव्हाच देशाच्या बातम्या वाचायच्या होत्या.

त्याच आठवड्यात बॅडमिंटन खेळताना दिराचा गुडघा मुरगळला. सोफ्यावर उशा रचल्या गेल्या. निवदाच्या दुधाला खेटून बर्फाचे ट्रे लागले. बाळापूरहून चुलत सासूबाई मोसंबी घेऊन गुडघा बघायला आल्या. दीर पँट वर सारून प्रत्येकाला तो दाखवत होता, जणू सरहद्दीवरून आला होता.

मी नवी पिशवी आणली होती. ती कापडात गुंडाळून खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर तिच्यावर बसले.

"तुले काय झालं वं?" बाळापूरच्या सासूबाईंनी विचारलं.

"लघवीच्या जागेच्या मागं दुखते, काकू. बाळंतपणापासून."

दिराने घाईघाईने पँट खाली ओढली. सासूबाई स्वयंपाकघरात पळाल्या. काकूंनी मोसंबं सोलायला घेतलं आणि विचारलं, "मग गुडघ्याचा फोटो काढला का?"

त्यानंतर माझ्या डब्याला कुणी हात लावला नाही. किळस येते म्हणून. येऊ दे. व्यायामाने आणि त्या बर्फाने मी आता बँक बंद होईपर्यंत बसू शकते. नवरा मित्रांना सांगतो, "तिची तब्येत जरा नाजूक आहे." मी दुरुस्त करत नाही. त्याला समजावण्याइतका वेळ वाया घालवावा, असं मला वाटत नाही.