पातेल्यातलं हाड

नेटी विंड्रमच्या पबात मासे सोडून दुसरं काही मिळत नाही. हॅडॉक, खेकडा, शिंपले, धुरावलेली हेरिंग आणि रोजचं माशाचं सूप. एडिंबरोहून येणाऱ्या मंडळींना याचं फार कौतुक. मासे चालतात पण मांस नको, अशा लोकांची हल्ली एक वेगळीच जात झाली आहे, आणि त्यांना वाटतं नेटी त्यांच्यातलीच. काय तत्त्वाची बाई आहे, असं म्हणून ते भरघोस टिप ठेवून जातात. तत्त्व कसलं? भीती. नेटीइतकी भित्री बाई आमच्या बंदरात दुसरी नाही, आणि हे मी तिची मैत्रीण म्हणून सांगते. तिच्या बारमागे ग्लास पुसता पुसता माझे केस पिकले.

भीती डुकराची. शब्द लिहिला खरा, पण लिहिताना डावा हात शेगडीच्या लोखंडावर होता. आमच्या किनाऱ्यावर हा शब्द कोणी उच्चारत नाही. उच्चारला तर बोट जाते. ज्याच्या कानावर पडेल त्याने आधी लोखंडाला हात लावायचा, आणि समुद्रावर निघाला असेल तर मुकाट्याने घरी परतायचं. आजूबाजूची गावं हे विसरत चालली, आम्ही नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं मी कोणालाही सांगेन. हात मात्र आपसूक लोखंडाकडे जातो.

नेटी माझ्याही पुढची. तिचा मुलगा डॉड एकटाच छोटी बोट घेऊन खेकड्यांचे सापळे उचलायला जातो. तो पाण्यावर असला की ती कपडे धूत नाही, माणूस वाहून जातो म्हणून. शिट्टी वाजवणाऱ्या गिऱ्हाइकाला ती हाताला धरून बाहेर काढते, शिट्टीने वारा उठतो म्हणून. बोट धक्क्याला लागेपर्यंत ती बसत नाही. खरोखर बसत नाही, चहासुद्धा उभ्यानेच पिते. तिचा नवरा सोडून गेला, त्यालाही मी फार दोष देत नाही. रोज संध्याकाळी तुम्ही जिवंत घरी आलात म्हणून रडणारी बायको माणूस किती दिवस सहन करणार?

गेल्या ऑक्टोबरात आमच्या जुन्या स्वयंपाकिणीचे गुडघे गेले आणि ग्लासगोहून टॅम आला. चाळिशीचा, गोल पोटाचा, कामाला वाघ. नेटीने त्याला स्वयंपाकघरात उभं करून नियम सांगितले.

"इथे ताटात मासाच जाणार. आणि ते तर दाराच्या आतसुद्धा नको."

"ते म्हणजे कुठलं, बाई?"

"ते. जमीन उकरणारं."

"बरं बरं, कळलं," टॅम म्हणाला. "आमचा आजा कोळीच होता. नाव घेणार नाही मी."

मी तिथेच उभी होते. मलाही वाटलं, कळलं.

त्या हिवाळ्यात आमच्या सुपाला जी चव आली, ती पूर्वी कधी नव्हती. बोटीवरची माणसं पहाटे येऊन वाडगं वाडगं पिऊन जायची. शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या मिस हॅलिडे, ज्या तरुणपणापासून मांसाला शिवलेल्या नाहीत, त्या दर शनिवारी दोनदा मागून घ्यायच्या. नेटी स्वतः प्यायची आणि टॅमला म्हणायची, तुझ्या हाताला चव आहे रे बाबा. डॉड तर फ्लास्क घेतल्याशिवाय निघत नसे. तो फ्लास्क नेटी स्वतःच्या हाताने भरायची, कारण मुलाच्या बोटीवर जाणारी वस्तू ती दुसऱ्याला भरू देत नाही.

एप्रिलमधला शनिवार. डॉड उजाडताच गेलेला. टॅम परसात सिगरेट ओढत होता म्हणून नेटीने सूप ढवळायला घेतलं. मी कांदे चिरत होते. पळी तळाशी कशावर तरी अडली. नेटीने ती वस्तू वर उचलली आणि बघत राहिली. एक जाडजूड हाड, टोकाला गुठळी, गुलाबी मांसाचा तुकडा लोंबत असलेलं. माशाला असलं हाड नसतं. हे कळायला कोळ्याच्या पोटी जन्मायला नको.

"जीन," ती मला म्हणाली, "हे काय आहे?"

मी सुरी खाली ठेवली आणि लोखंडी शेगडीला हात लावला. तेच उत्तर झालं.

टॅम आत आला, आमची तोंडं बघून दारातच थबकला. "का हो? लागलं का खाली?"

"हे तू टाकलंस?" नेटीने हाड त्याच्यापुढे धरलं.

"हो. त्याशिवाय दाटपणा कुठला येणार? कोणी वाढून घ्यायच्या आधी काढून ठेवतो की मी ते. ताटात मासाच जातो, शप्पथ."

"तुला मी सांगितलं होतं..."

"जमीन उकरणारं नको. नाहीच आणलं. एक ससा कधी शिवू दिला नाही मी या स्वयंपाकघराला." मग त्याचा चेहरा उतरला. "ससाच ना, बाई? आमच्या आजाकडे सशाचं नाव घेत नसत."

रागावायचं कोणावर? नाव घेतलं असतं तर टॅमला कळलं असतं, आणि नाव घ्यायचं नव्हतं म्हणूनच तर नियम होता. "आल्यापासून असंच करतोय हो मी," टॅम रडवेला होऊन म्हणत होता. "पहिल्या आठवड्यापासून." पण ते ऐकायला नेटी तिथे नव्हतीच. ती बारमागच्या वायरलेसकडे धावली होती.

बोटी बंदरात येताना कळावं म्हणून तो वायरलेस ठेवलेला आहे. नेटीने बटण दाबलं.

"डॉड. ए डॉड. फ्लास्कमधलं पिऊ नकोस. ओतून दे समुद्रात."

खरखर झाली. मग डॉडचा आवाज आला, "काय गं आई? नीट सांग."

"सूप टाकून दे."

"का?"

नेटीच्या ओठांपाशी तो शब्द आला होता. मी बघत होते. आणि समुद्रावरच्या माणसाच्या कानात तो घालायचा कसा? बोटीवर ते आहे एवढंच पुरे नव्हतं, आता बोटीवर त्याचं नावही ऐकू गेलं असतं. बटण दाबलेलं आणि तोंडातून शब्द नाही.

"टाक म्हणते ना!"

डॉड हसला. "केव्हाच संपवलं. आज तर फारच मस्त होतं. बरं ऐक, इथे धुकं उतरायला लागलंय, मी..."

आणि आवाज गेला. नेटीने पुन्हा पुन्हा हाक मारली, मीही मारली. खरखरसुद्धा नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं तर धक्क्याचं टोक दिसेनासं झालं होतं. मग बोटी, मग समोरचा रस्ता. माझा हात लोखंड शोधायला लागला. विश्वास नाही म्हणणाऱ्या माझा.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. बंदरातली माणसं धक्क्याच्या टोकाला जाऊन घंटा वाजवायला लागली. कोणीतरी मदतीच्या बोटीला फोन केला. नेटीने ते भलंमोठं पातेलं एकटीने उचलून परसातल्या गटारात उपडं केलं, आणि नेमक्या त्याच वेळी मिस हॅलिडे आत येऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

"माझं सूप, जीन."

"आज सूप नाही, बाई."

"वास तर येतोय चांगला."

"तो कालचा वास," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे हॅडॉक ठेवला. त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, या वयात त्यांना झेपायचं नाही.

नेटी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. "मी भरला गं तो फ्लास्क," ती म्हणाली. "माझ्या या हातांनी. आर्चीने निदान नुसतं नाव घेतलं होतं."

आर्ची तिचा धाकटा भाऊ. आमच्या गावात त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी काढत नाही. तो नऊ वर्षांचा असताना सकाळी न्याहारीला बसून शाळेचा धडा मोठ्याने वाचत होता. शेतावरचे प्राणी. गाय वाचली, मेंढी वाचली, आणि त्याच ओघात तेही वाचलं. वडील हसले, लोखंडाला बोट लावलं आणि बोटीवर गेले. ते परत आले नाहीत. आईने सगळ्यांच्या देखत पोराला म्हटलं, तुझ्या जिभेने गेला तो. महिन्याच्या आत त्याला केल्सोला मावशीच्या शेतावर धाडलं, समुद्र दिसणार नाही अशा ठिकाणी. पब तेव्हा तीच चालवायची; त्याच वर्षी तिने तिथलं मांसच बंद केलं, म्हणजे चुकूनही ते आत यायला नको. आर्ची आईच्या मयताला आला होता, मागे उभा राहिला आणि चहा न घेता गेला. नेटी त्याच्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही.

दुपार कलली. मदतीची बोट किनाऱ्याने दोनदा जाऊन आली, काही दिसलं नाही. धक्क्यावरची माणसं आता आमच्या खिडकीकडे बघायचं टाळत होती, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. नेटीने डोळे मिटून घेतले होते. मी तिचा हात धरला. तो माशासारखा गार होता.

मग घंटा थांबली. बाहेर कोणीतरी ओरडलं, आणि धुक्यातून इंजिनाची फटफट आली. नेटी म्हणाली, "त्याचंच आहे." मी म्हटलं, "कशावरून?" ती दाराकडे निघाली होती. हे इंजिन ती आजवर झोपेतसुद्धा ऐकत आली होती.

डॉड ओलाचिंब आत आला. वायरलेसची तार निसटली होती, धुक्यात खडकांवर जायला नको म्हणून नांगर टाकून बसून राहिला होता, एवढंच. त्याने बूट काढले आणि म्हणाला, "भूक लागलीय. सूप आहे का?"

मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. टॅम तर शेगडीपाशी बसून हुंदके देत होता. मला वाटलं, आता नेटीही रडेल, नेहमीसारखी. ती रडली नाही. तिने मुलाच्या गालाला हात लावून पाहिला, मग टॅमकडे वळली.

"तू काय म्हणालास मघाशी? कधीपासून?"

"आल्यापासून, बाई. चुकलं माझं."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे जानेवारीत सगळ्या बोटी वादळात सापडल्या, तेव्हाही."

"हो."

नेटी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा मी दिवसभर बघत होते, पण इतका घाबरलेला आत्ता दिसला. मला आधी कळेचना. मुलगा समोर बसून ब्रेड खातोय, आता कशाला भ्यायचं? मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. सगळं बंदर हिवाळाभर ते पिऊन समुद्रावर गेलं होतं, आणि एकूण एक माणूस घरी आला होता.

ती उठून बारमागच्या फोनकडे गेली. नंबर तिला पाठ होता, हे मला माहीत नव्हतं. पबात कायम गलका, म्हणून त्या फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो. मला सगळं ऐकू आलं.

"आर्ची, मी नेटी."

"कोण गेलं?" आर्चीने विचारलं. "डॉड?"

"कोणी नाही रे. सगळे आहेत." तिने भिंत धरली होती. "आर्ची, बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत. तुझ्या बोलण्याने काही झालं नव्हतं."

मग त्या साठीला टेकलेल्या माणसाने अगदी हळू विचारलं, "आईला कळलं होतं का हे?"

नेटीने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"नाही," ती म्हणाली. "मलाच आज कळलं."