भैरवीला उठणारा भालू

मी गणिताचा मास्तर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं करण्यात माझी हयात गेली. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा... पण हे माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर घडलंय.

चाळीस सालाच्या थोडं आधीची गोष्ट. घाटात दरड कोसळून रेल्वेचे काही गँगमन गेले होते. त्यांच्या बायकापोरांसाठी लोणावळ्याच्या शाळेत बुवांचं गाणं ठेवलं होतं. बुवा म्हणजे माझं आणि भालूचं दैवत. मदतीचं गाणं, बिदागी नाही, मग साथीदारांना कशाला फुकट राबवायचं – म्हणून बुवा तंबोरा घेऊन एकटेच आले. तबला नाही, पेटी नाही.

भालू माझा मित्र, कामशेतचा. मैफलीत ठेका धरायचा तो माझ्या गुडघ्यावर. "माझा झिजंल की," म्हणायचा. आणि भैरवी सुरू झाली की उठून जायचा. भैरवीनंतर गाणं नसतं, आणि गाणं संपलेलं त्याला सोसायचं नाही. त्या वर्षी क्षयानं त्याला धरलं. बुवांना एकदा ऐकायचंय, एवढंच त्याचं मागणं होतं. मी नेणार होतो. पण सकाळी आणायला गेलो, तर तो तापानं फणफणत होता. त्याची थोरली बहीण आक्का म्हणाली, "मास्तर, न्हाई न्यायचा. वाटंतच जाईल त्यो." भालू भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी एकटाच लोणावळ्याला परतलो.

दुपारी गाणं रंगात आलं आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेका पडला. पाहतो तर भालू. गळ्यात मफलर, डोळे खोल गेलेले. ताप उतरला असेल, हट्टानं आला असेल... मला इतका आनंद झाला की दुसरं काही सुचलंच नाही.

बुवांनी भैरवी धरली. त्याला जायला वाट द्यावी म्हणून मी पाय आवरले.

"ऱ्हाऊ दे. आज बसतो," भालू म्हणाला.

मध्येच तंबोऱ्याची तार तुटली. बुवांनी तंबोरा बाजूला ठेवला आणि नुसत्या गळ्यानं भैरवी पुरी केली. डोळे पुसून वळलो, तर शेजारी कोणी नव्हतं. गाडी गाठायला गेला असेल, असं वाटलं.

संध्याकाळी कामशेतला उतरलो ते त्याला रागवायलाच. आक्का माझ्याकडे बघतच राहिली. "कुटं जातोय त्यो? कुशीवर वळाया पन मीच लागती. दुपारभर गोधडीवर नुसती बोटं हलत हुती... मग थांबली."

भालू जागा होता. मला पाहून हसला.

"तार तुटल्यावर लय ग्वाड गायले रे बुवा. उगाच उठून जायचो मी."

मी त्याचा हात धरून बसलो. पहाटे तो गेला.

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. मी पूर्वी शेवटपर्यंत बसणारा माणूस. आता भैरवी सुरू झाली की मला सोसत नाही, मी उठतो. शेजारचे विचारतात, "मास्तर, गाडी गाठायचीय का?" मी हो म्हणतो.