आठ नंबरचं गाणं

आमच्या देवळीच्या 'ढेकूळ'वाल्यांचे किस्से कुणी लिहून ठेवत नाही हे बरं आहे. नाहीतर माझ्या दुकानात मोटारपंप ठेवायला जागा उरली नसती! दर अल्बमला नवं भांडण आणि दर भांडणाला नवा किस्सा. जुनं भांडण मिटलेलं असतं असंही नाही.

'ढेकूळ' म्हणजे नागपूरचा रॉक बँड, आणि 'ढेकूळ'वाले म्हणजे आम्ही, त्याचे चाहते. आम्ही कॉलेजात होतो तेव्हापासून ते वाजवून राहिलेत. त्यांचे केस पिकले, आमचे गेले. अल्बममध्ये गाणी असतात नऊ-दहा, पण मुंबईची कंपनी त्यातली दोनच 'सिंगल' म्हणून वेगळी काढते. व्हिडिओ त्या दोघांचा, रील त्या दोघांचं, जाहिरात त्या दोघांची. बाकीची गाणी घरातच म्हातारी होतात. आणि ही कंपनी दर वेळी, दर वेळी म्हणतो मी, चुकीचीच दोन उचलते!

मागच्या अल्बममधून काय उचललं? 'तुझी माझी एक छत्री'!

प्रमोद म्हणजे आमचा साऊंड सर्व्हिसवाला. लग्नाला डीजे देतो, आणि रविवारची आमची बैठक त्याच्याच गोडाऊनमध्ये असते. त्यानं ते गाणं अर्ध्यातच बंद केलं. "तीस वर्षं या लोकायनं आपल्याले उन्हात उभं केलं," तो म्हणाला, "अन् आता म्हणते, छत्री घे!"

*

वैशालीताई सावंगीला दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. आमच्यात सगळ्यात तिखट तीच. छत्रीच्या वेळी तिनं कुठून तरी कंपनीचा नंबर काढला आणि थेट फोन लावला. पलीकडे कुणीतरी गोड आवाजाची पोरगी.

ताई सुरू झाली, "तुम्ही 'पराटी' काऊन नाई काढली? अल्बममध्ये जीव असलेलं तेच एक गाणं आहे!"

पोरगी म्हणाली, "मॅम, आपला एज ग्रुप काय?"

ताईचा पारा चढला. "ब्लड ग्रुप विचार, सांगते! गाणं ऐकाले वय लागते का?"

फोन कटला. ताईनं मग तो राग आठवडाभर नवऱ्यावर काढला. त्याचा बिचाऱ्याचा दोष एवढाच, की त्याला छत्री आवडली होती.

*

'पराटी' म्हणजे कापसाच्या झाडावरचं सात मिनिटांचं गाणं. त्यात मधात तीन मिनिटं नुसतीच गिटार. प्रमोदचं म्हणणं, कोणतं गाणं सिंगल व्हायच्या लायकीचं आहे हे वरातीत कळते. लोक नाचले की पास.

मी त्याला आधीच सांगितलं होतं, "बे, लोकाच्या लग्नात परीक्षा नको घेजो!" ऐकेल तर तो प्रमोद कसला. त्यानं भर वरातीत 'पराटी' लावली. पहिली दोन मिनिटं पोरं नाचली. मग गिटार सुरू झाली आणि सगळे हात वर करून उभेच. आता नाचायचं का थांबायचं, कुणालाच कळेना. घोडासुद्धा थांबला.

नवरीचा बाप घाम पुसत आला. "भाऊ, बदलव नं गाणं!"

प्रमोद भोंग्याएवढ्या आवाजात म्हणाला, "नवरदेव बदलवा, गाणं नाई बदलत!"

त्या घरून त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. पण चूक त्याची नव्हतीच. लोकांना धीरच राहिला नाही, ही खरी गोष्ट आहे!

*

आमच्यात कधीच न भांडणारा एकच माणूस, उईके सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आम्ही गळा फाडतो, ते चहा ओततात.

एकदा 'ढेकूळ'ची गाडी आमच्याकडेच बंद पडली आणि बँडमधले बंडूदादा रात्रभर सरांच्या घरी राहिले. सरांची माय ओसरीत नातीला झोपवत होती, गोंडीत अंगाई म्हणत. बंडूदादांनी तिला विचारून मोबाईलवर एक कडवं टिपलं. नव्या अल्बममधलं आठ नंबरचं गाणं त्याच कडव्यानं सुरू होते. आधी मायचा एकटीचा आवाज, मग हळूच ढोल, मग सगळं वावटळीसारखं!

ते ऐकून झाल्यावर गोडाऊनमध्ये भांडण सुरू व्हायच्या आधीच सर बोलले.

"माही पोरगी इंग्लिश मीडियमले आहे. तिले गोंडीचं एक अक्षर येत नाई. माय गेली की आमच्या घरातली भाषा गेली. हे गाणं सिंगल निघालं, तं रीलवर का होईना, पोरगी आजीले ऐकंल."

आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. ताई म्हणाली, "आठ नंबर!" प्रमोदनं 'पराटी'चा जुना हट्टही सोडला. मी तर तीन नंबरवाला होतो, मीही आठवर आलो.

*

कंपनी माणसाचं ऐकत नाही, म्हणून आम्ही केळझरच्या गणपतीला गेलो. प्रमोदच्या पिकअपमध्ये, स्पीकरच्या मधात बसून. नवस बोलायचं काम माझ्याकडे, कारण माझा आवाज मोठा.

मी हात जोडले. "देवा गणराया, आठ नंबर काढ! नारळाचं तोरण चढवतो!"

मागं उभे असलेले एक आजोबा खवळले. "लाज नाई वाटत? सट्ट्याचा आकडा देवाले मांगते!"

ताई त्यांच्याशी भांडली, मग त्यांना गाणं ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मंग नवस नीट सांगून बोला नं." आम्ही हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

*

आणि आठ नंबर निघालं! खरंच निघालं!

त्या संध्याकाळी सगळे सरांच्या अंगणात जमलो. प्रमोदनं वरातीचे मोठे बॉक्स आणले. मायसाठी खुर्ची मधोमध. नात पायरीवर, मान मोबाईलमध्ये. मी सगळ्यांना गप केलं. प्रमोदनं बटण दाबलं.

धाड् धाड् ढोल!

पुन्हा लावलं. पुन्हा ढोल. मायचा आवाजच नाही. कापला! सुरुवातच कापून टाकली!

ताईनं तिथूनच कंपनीला फोन लावला. तीच गोड पोरगी. "मॅम, सुरुवात स्लो असली की लोक स्किप करतात."

"लोक म्हणजे कोण? नाव सांग एकेकाचं!" ताई रडकुंडीला आली होती. माझं डोकं असं फिरलं, की कंपनीच्या सात पिढ्या मी अंगणात उभं राहून उद्धरल्या. प्रमोद कपाळ बडवत होता. "देवानं त्याचं काम बरोबर केलं बे! आपणच अर्धा नवस बोललो! अख्खं गाणं म्हणाले काय झालतं तुले?"

सर खाली बघत उभे होते. मायनं त्यांचा सदरा ओढला. "काय झालं रे? काऊन कल्ला करून राह्यले?"

"माय, तुहा आवाज कापला त्यायनं."

"मंग?" माय म्हणाली. "मी आहो नं इथं."

तिनं पदर नीट केला आणि सुरू केलं. माईक नाही, काही नाही. शेजारच्या घरातले लोक दारात येऊन उभे राहिले. कडवं संपलं, माय श्वास घ्यायला थांबली. प्रमोदनं डोळे पुसले आणि ढोल जोडायला बटणाकडं हात नेला.

पायरीवरून नात ओरडली, "थांबा नं काका! अजून दोन कडवे आहेत!"