टर्मिनल बदलले परतवाड्यात, आत्या पोचली तेल्हाऱ्यात

कमलआत्याने घराबाहेर पडणं बंद केलं ते एका लग्नापासून. तिथे चार जणांनी तिला व्हीलचेअरसकट उचलून स्टेजवर नेलं. कोणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, आपण म्हातारीची सोय केली. घरी आल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "मीना, मी तीस-बत्तीस वर्स सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. मानसं उचलूनच पोट भरलं. पन आधी इचारत होती."

त्यानंतर बारसं नाही, साखरपुडा नाही, काही नाही. गुडघे आणि कंबर दोन्ही गेलेली. पण अडलं होतं ते दुसऱ्यांच्या हातांवर.

म्हणून मी माझ्या जुन्या छोट्या गाडीत फिरतं सीट बसवून घेतलं. बटण दाबलं की ड्रायव्हरशेजारचं सीट दाराबाहेर वळतं आणि व्हीलचेअरच्या उंचीपर्यंत खाली येतं. सरकून बसायचं, की झालं. आत्याने तिच्या घराच्या अंगणात दोनदा करून पाहिलं आणि म्हणाली, "मंग तेल्हाऱ्याले जाऊ. शांता हाये तिथं." शांता सिस्टर म्हणजे तिची नोकरीतली जोडीदारीण. रात्रपाळीचा अर्धा डबा एकमेकींना ठेवणाऱ्या या दोघी, कित्येक वर्षं फक्त फोनवर भेटत होत्या.

डिसेंबरच्या एका सकाळी अमरावतीहून निघालो. अकोल्यावरून गेलं तर रस्ता मोठा आणि सरळ, पण आत्याला सातपुडा पाहायचा होता. म्हणून जाताना वलगाव, आसेगाव, परतवाडा, अंजनगाव, अकोट असा रस्ता धरला. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस आणि पिवळी तूर. मध्येमध्ये रस्त्याचं काम सुरू होतं आणि गाडी चांगलीच हादरत होती.

परतवाड्यात चहासाठी थांबलो. मी बटण दाबलं. सीट बाहेर वळलं, अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

आत्या दाराबाहेर, अधांतरी. पाय जमिनीला टेकत नव्हते. भर बाजार. समोरच्या चहाच्या टपरीवरून तीन-चार जण धावत आले.

"धरा रे आजीले," एक जण म्हणाला.

"मले हात लावू नोका."

आवाज मोठा नव्हता. पण ते थांबले.

"पडसान ना आजी."

"पडत नाई. पट्टा बांधला हाये. तुमी चहा प्या."

मी गाडीच्या पुढे गेले. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या खांबावरचा शिशाचा क्लॅम्प बोटाने हलवला तर हलला. त्या एकाच बोल्टाखाली सगळ्यांची दाटी: गाडीची मूळ केबल, सीटची जाड केबल, कॅमेऱ्याची वायर, हवा भरायच्या पंपाची वायर. वर पांढरट-हिरवी बुरशी. फडक्याने क्लॅम्प दाबून धरला तेव्हा कुठे सीटच्या बटणातला दिवा लागला. पण बटण आणि बॅटरी एकदम कसं सांभाळणार? हातात चहाचा ग्लास घेतलेल्या माणसाला म्हटलं, "दादा, तेवढं बटण दाबता का? फक्त बटण."

त्याने ग्लास खाली ठेवला, आत्याकडे पाहिलं. "दाबू का, आजी?"

"दाबा."

सीट हळूहळू खाली आलं. आत्या व्हीलचेअरवर सरकली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आता वापस जाऊ घरी." मला तेच ऐकायचं नव्हतं.

त्याच माणसाने पलीकडचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान दाखवलं. दुकानदार सलीमभाई, पन्नाशीचे, अंगाने भरदार. त्यांनी बॅटरी पाहिली. "सीट चांगली हाये. त्याच्यापर्यंत करंटच पोचून नाई राहिला. एका खुंटीले किती ढोरं बांधता?"

त्यांनी आधी निगेटिव्ह केबल काढली, मग पॉझिटिव्ह. कोमट सोड्याच्या पाण्याने खांब घासून कोरडे केले. नवे पितळी टर्मिनल आणले. प्रत्येक टर्मिनलला खांबावर बसणारा क्लॅम्प एक, पण वायरींसाठी वेगवेगळे बोल्ट. गाडीची केबल एकावर, सीटची दुसऱ्यावर, बारीक वायरी तिसऱ्यावर. सीटच्या केबलीला बॅटरीजवळच मोठा फ्यूज. जोडताना उलटं: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. वर व्हॅसलिनचा हात, झाकण, आणि क्लॅम्प हलतो का ते ओढून पाहिलं.

गाडीत अशी जोडणी करायची असेल तर निघायच्या आधीच करा. टर्मिनल घेताना खांबाची जाडी पाहा. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांचे खांब बारीक असतात, आणि पॉझिटिव्ह निगेटिव्हपेक्षा जाड. सैल बसलेलं चांगलं टर्मिनलही काही कामाचं नाही. मला सगळं मिळून हजाराच्या आत पडलं.

"चाला आजी, बसा," सलीमभाई म्हणाले.

आत्या हलली नाही. "पुना अडकलं तं?"

सलीमभाईंनी हात पुसले. "तं आधी मी अडकतो." ते स्वतः सीटवर बसले, पट्टा लावला आणि बटण दाबलं. वर गेले, खाली आले. परत वर, परत खाली. टपरीवरचे लोक हसत होते, ते शांत बसून होते. तिसऱ्यांदा खाली आले तेव्हा आत्या म्हणाली, "उतरा आता. मले उशीर हून राहिला."

अंजनगावात आलूबोंडा-रस्सा खाल्ला, रस्सा आत्याने परत मागवला. उजवीकडे निळसर सातपुडा अकोटपर्यंत सोबत होता. तेल्हाऱ्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शांता सिस्टर काठी टेकून फाटकात उभ्या होत्या.

"जयभीम, कमल. हात देऊ का?"

"जयभीम. हात नोको. पाहा फक्त."

सीट एका दमात खाली आलं. मग मात्र दोघींनी एकमेकींचे हात धरले ते सोडेनात.

"काहून आली नाई इतके वर्स? फोनवर तं म्हने, बरी हावो."

"खोटं बोलली."

"मीबी," शांता सिस्टर म्हणाल्या.

मुक्काम त्यांच्याकडेच. ज्वारीची भाकर, भरीत, ठेचा. सकाळी दोघींना तिथल्याच सरकारी दवाखान्यात जायचं होतं, जिथे त्यांनी बरोबर नोकरी केली होती. मला वाटलं, गाडीतूनच पाहतील. पण आत्याने उतरायचंच म्हटलं. व्हरांड्यात बाकावर दिवस भरलेली एक गरोदर पोरगी उठायची धडपड करत होती. आत्याने व्हीलचेअर तिच्याजवळ नेली, चाकाला ब्रेक लावला.

"हात देऊ का, बाई?"

पोरीने हात धरला आणि उठली.

परतताना अडसूळ, अकोला, मूर्तिजापूर असा सरळ रस्ता. वाटेत आत्या तीनदा उतरली. एकदा चहाला, एकदा पेरूला, आणि एकदा काहीच काम नसताना, उन्हात बसायला.

मी निघाले होते ते आत्याला तिच्या मैत्रिणीला भेटवून आणायला. भेट झाली, फार छान झाली. पण मनात राहिला तो परतवाड्यातला बाजार: अधांतरी बसलेली आत्या, आणि "दाबू का, आजी?" म्हणून थांबलेला तो माणूस. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

परवा आत्याचा फोन आला. एरवी ती सुरुवात करते, "तुले टाइम असला तं..." या वेळी सरळ म्हणाली, "रविवारी गाडी लागते. नांदगाव पेठेत बारसं हाये. मी येतो म्हनून सांगूनई टाकलं."