डिस्कला बोलू द्या

आमच्या घरात वाक्य पुरं करायची पद्धत नाही. सुरुवात एक जण करतो, शेवट दुसरा करतो, आणि चूक निघाली तर ती तिसऱ्याच्या माथी मारतात. बाबांनी आयुष्यभर भाजीबाजारात लिलाव पुकारले. त्यांच्या लेखी जो थांबला तो हरला. आई कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करते आणि राजा, राक्षस, म्हातारी अशा सगळ्यांची भांडणं एकटी भांडते. मी कोर्टात टायपिस्ट आहे. साक्षीदाराच्या तोंडून शब्द निघायच्या आत माझी बोटं पुढे गेलेली असतात, आणि त्यावरून मी साहेबांची बोलणीही खाल्ली आहेत. धाकटी बहीण तेवढी गप्प. ती कोणावर गेली हे कोडं आम्हाला सुटलं नाही, आणि तिलाच विचारावं तर उत्तर ऐकायला थांबतो कोण?

एका शुक्रवारी या धाकटीने जाहीर केलं, "उद्या ऑफिसमधल्या एकाला जेवायला बोलावलंय. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

तो आला. उंच, सडपातळ, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. दारातच थबकला. मान तिरकी करून आतल्या खोलीकडे बघत म्हणाला, "ते... आत..."

"या ना आत," बाबा म्हणाले.

"नाही, ते... आत..."

"चपला असू देत हो, चालतं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, चपला काढल्याच आणि आत येऊन बसला. एक सांगते, हा माणूस अडखळत नाही. सावकाश बोलतो. भाजी निवडल्यासारखा एकेक शब्द उचलतो, उलटून बघतो, मग ठेवतो. मध्ये कोणी तोडलं की पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतो. आजही तो फोनवर 'हॅलो'च्या पुढे पोचेपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असतो, आणि बैठकीत त्याची हरकत पोचते तेव्हा ठराव मंजूर होऊन चहा आलेला असतो. मी त्याच दिवशी मनातल्या मनात त्याचं नाव गोगलगाय ठेवलं, आणि पोटात पाय किती आहेत ते बघायचं ठरवलं.

जेवताना बाबांनी विचारलं, "काय करता आपण?"

"संगणकात... एक केर्नल..."

"विकता?"

"संगणकात... एक केर्नल नावाचा भाग असतो. तो..."

"म्हणजे दुरुस्ती," आई म्हणाली. "जाता जाता आमचा मिक्सर पण बघा."

"संगणकात..." त्याने न रागावता तिसऱ्यांदा सुरुवात केली. ताटं निवली, वाढणं झालं, हात धुवून झाले. तो माणूस संगणकाच्या बाहेर काही येईना.

स्वयंपाकघरात बाबांनी मला बाजूला घेतलं. "पोरगा वाईट नाही. पण एकेका वाक्याला एवढा वेळ, तर संसाराला किती? पोरीचा जन्म वाट बघण्यात जाईल. मी तिला नाही म्हणून सांगणार." मलाही ते पटलं. मागे धाकटी रिकामा तांब्या घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं, तांब्या भरला आणि बाहेर गेली. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तिचा नवा खेळ होता. खेळताना दोन्ही हात दोऱ्यांत अडकलेले, म्हणून सगळे आवाज आणि वाजंत्री तिने महिनाभर खपून आधीच रेकॉर्ड केली होती. ती एकदा ऐकावी म्हणून संगणकापुढे बसली, तर पडदा थिजलेला. बाबांनी बंद करून चालू केला. मग लिलावातल्या टोपलीला मारावी तशी एक थापही मारली. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. आई मटकन खुर्चीत बसली. "उद्या मुलं येऊन बसतील रे, काय दाखवू त्यांना?"

गोगलगाय दारात उभी होती. "दारात... म्हणत होतो," तो म्हणाला. "ते... आत... टकटक वाजतंय, ती डिस्क आहे. लगेच... बंद करा." घाबरल्यामुळे असेल, पण पहिल्यांदाच त्याला कोणी तोडलं नाही.

"मग सांगितलं का नाही?" बाबा उखडले.

"सांगत होतो."

धाकटी खुदकन हसली. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने संगणक बंद केला.

त्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि काय झालंय ते सांगितलं. मी ते माझ्या वेगाने सांगते, नाहीतर रात्र होईल. संगणकातला कुठलाही प्रोग्रॅम डिस्कशी थेट बोलत नाही. सगळ्यांच्या मागण्या केर्नलकडे येतात. तो त्यांची रांग लावतो, शेजारशेजारच्या जागेवरची कामं एका फेरीत बसवतो, आणि कोणी फार खोळंबला तर त्याला पुढे घेतो. बाबांना हे लगेच पटलं. बाजारात त्यांनी जन्मभर दुसरं काय केलं? पण डिस्कला हुकूम सोडला की केर्नल घड्याळही लावतो. ठरलेल्या वेळात, तिथे म्हणे तीस सेकंदांत, उत्तर आलं नाही तर हुकूम रद्द. तरीही डिस्क गप्पच, तर तिला हलवून नव्याने सुरू करायचं. असं काही वेळा झालं की डिस्क गेली असं धरून चालायचं.

आता आमच्या डिस्कवर एक जागा पुसट झाली होती. ती वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा धडपडायची, आणि तेवढा वेळ कोणालाच उत्तर द्यायची नाही. जरा कुठे जमत येई, तोच केर्नल तिला हलवी. मग पुन्हा पहिल्यापासून.

"डिस्क... मेलेली नाही," तो म्हणाला. "तिला... बोलू देत नाहीयेत."

मी बाबांकडे बघितलं, बाबा छताकडे बघत होते.

"म्हणजे तुमच्या केर्नलचं चुकतंय," बाबा म्हणाले.

"नाही. बाकीचे... रांगेत असतात. त्यांनी... किती थांबायचं? पण आज... रांगेत दुसरं कोणी नाही." त्याने एक ओळ टाइप करून घड्याळ तीन मिनिटांवर नेलं. आधी चांगल्या जागा उतरवून घ्यायच्या, पुसट जागेकडे शेवटी वळायचं. "सगळं येईल... असं नाही म्हणत," तो म्हणाला, आणि हात मांडीवर ठेवून बसला.

आमच्या घरात इतकी शांत दुपार मी कधी पाहिली नव्हती. डिस्क टकटक करायची, थांबायची. ती थांबली की बाबांचा हात बटणाकडे जायचा आणि धाकटी तो मनगटाला धरून परत ठेवायची. आई देवाचं नाव घ्यायलाही मोठ्याने धजत नव्हती. माझ्या जिभेवर किती सल्ले आले आणि विरले, माझं मलाच माहीत. दिवेलागणीला त्याने मान वर केली. एक चिमूटभर तुकडा सोडला तर सगळा खेळ उतरला होता.

तो तुकडा नेमका राजाच्या फर्मानात निघाला. हॉल गच्च भरलेला, राजा हात उंचावून म्हणाला, "आजपासून या राज्यात कोणीही..." आणि आवाजच नाही. आईने राजाचा हात तसाच वर धरून ठेवला. समोरून पोरं ओरडायला लागली: अभ्यास करायचा नाही, दूध प्यायचं नाही, लवकर झोपायचं नाही. राजाचं "हसायचं नाही" आलं तेव्हा हॉल हसून लोटपोट झाला होता. आई म्हणाली, हे आता कायम असंच ठेवायचं.

खेळ संपल्यावर आम्ही हॉलच्या पायऱ्यांवर चहा घेत बसलो होतो. बाबा त्याच्या शेजारी येऊन बसले. "काल तुमचं बोलणं राहून गेलं," ते म्हणाले. "मला एकच विचारायचंय. आमची धाकटीच का?"

"ती..."

आईने तोंड उघडलं. बाबांनी तिचा हात दाबला. मी जीभ आवरली. समोरून एक हातगाडी आली, वळली आणि गेली. कपातला चहा कोमट झाला.

"ती... माझं वाक्य... कधीच पुरं करत नाही."

धाकटीने खाली मान घातली. लिलावात शेवटची बोली पक्की झाली की बाबा मांडीवर थाप मारायचे आणि भाव मोठ्याने पुकारायचे. त्यांनी तशी थाप मारली, आणि काहीच बोलले नाहीत.