सरांच्या कवळीचं माप

दातांच्या डॉक्टरच्या मागच्या खोलीत एक बाई कवळ्या बनवायची. सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून म्हातारेसुद्धा. पाटी डॉक्टरची, खुर्ची डॉक्टरची, आणि चावायची सोय मावशीने करायची, असा तो कारभार. हात हलका म्हणून मापंसुद्धा तीच घ्यायची.

माप घ्यायचं म्हणजे पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरायचा, तो तोंडात दाबून धरायचा आणि घट्ट होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात भल्याभल्यांना ओकारीची उबळ येते. त्यावर मावशीचा उपाय एकच, बोलत राहायचं. भाजीचे भाव, शेजारणीची मांजर, काहीही. माणूस ऐकण्यात गुंतला की उबळ विसरतो. शिवाय तोंड भरलेलं, त्यामुळे मध्येच कोणी बोलत नाही. बहिणीच्या, म्हणजे ताईच्या घरी, जिथे ती राहायची, तिचं एक वाक्य धड पुरं व्हायचं नाही. इथे मात्र मोठमोठे साहेब मुकाट ऐकून घेत, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं.

तर अशा या मावशीच्या खुर्चीत एक दिवस वक्तृत्वाचे सर येऊन बसले.

या सरांची थोरवी काय सांगावी! शहरात जो कोणी माईकसमोर उभा राहून घसा खाकरतो, तो त्यांचाच विद्यार्थी. त्यांच्या गौरवासाठी समिती झाली होती, उपसमिती झाली होती, उपसमितीतले रुसवेफुगवेही यथासांग पार पडले होते. हार ठरले, भाषणं ठरली, कोणी कोणाच्या नंतर गहिवरायचं तेही ठरलं. आणि ऐन वेळी सरांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. आली का पंचाईत! उत्सवमूर्तीच बोळकी.

आता गंमत बघा, सरांना इथे घेऊन आली ती मावशीची सख्खी थोरली बहीण. ताईला कोण अभिमान! तिच्या लेकीची सरांनी 'खास तयारी'साठी निवड केली होती. खास तयारी म्हणजे सरांच्या घरी, एकटीने, दार लावून. बाहेरच्या आवाजाने म्हणे एकाग्रता मोडते. उद्यापासून जायचं होतं.

मावशीचीही लहानपणी निवड झाली होती. तेव्हा आईने हौसेने सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं, आणि त्यानंतर घरात कोणी विचारलं नाही की ही पोर जेवत का नाही.

"तिला तिथे पाठवू नकोस," मावशीने ताईला सांगून बघितलं होतं.

"का?"

झालं. मावशीची दातखीळ बसली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण त्या एका 'का'पुढे शब्द फुटेना.

"तुझं आपलं काहीतरीच," ताई म्हणाली. "मीही शिकलेच ना त्यांच्याकडे? कडक आहेत, पण माणूस सोन्यासारखा."

आता ती बाहेर, पडद्यापलीकडच्या बाकावर बसली होती. शेजारी भाची, आणि तिच्या शेजारी गाडी काढून आलेले समितीचे अध्यक्ष.

"हळू हं, बेटा," सर म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. तिने साचा आत दाबला, आणि सवयीने बोलायला लागली.

"टोमॅटो फार महागलेत, सर. कोबी त्यातल्या त्यात बरा." आणि मग आवाज अगदी खाली आणून, "तुमच्या खोलीतला तो हिरवा सोफा आहे का हो अजून?"

सरांचे डोळे वर आले.

"मी त्याच्यावर बसायचे. श्वास पोटातून घ्यायचा, असं तुम्ही शिकवायचात. हात ठेवून शिकवायचात. तुमचा हात पोटावर थांबायचा नाही, सर. मी खिडकीकडे बघून पाठ केलेलं भाषण मनात म्हणत राहायचे, आणि ते संपलं की परत पहिल्यापासून. हलू नका, माप बिघडेल."

सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. घशातून काहीतरी घुं घुं आवाज आला. जन्मभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलेला माणूस, आज त्याची ऐकायची पाळी होती. लगदा केव्हाच घट्ट झाला होता. साचा काढायला हवा होता, आणि मावशी काढेना. तिची बोटं साच्यावर होती आणि सरांचं नाक तिथून जेमतेम वीतभर. आलं मनात. का येऊ नये? नुसती दोन बोटं लागली असती. बाहेर अध्यक्ष कशाला तरी खो खो हसत होते.

पण मग उद्या पेपरात 'थोर गुरूचे निधन' छापून आलं असतं, हार आयतेच तयार होते, आणि गहिवरायचा क्रमही ठरलेला होता. एवढी सोय करून द्यायची मावशीची तयारी नव्हती. तिने साचा काढला.

आता हा रडेल, पाया पडेल, निदान घाबरेल तरी, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! सरांनी चूळ भरली, नॅपकिनने हनुवटी पुसली आणि हजेरी घेताना बघावं तसं तिच्याकडे निरखून बघितलं.

"इतकी वर्षं मनात धरू नये, बेटा," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "तू त्यातली नक्की कोणती? निळ्या दप्तराची का?"

त्यांच्या मते ते कुजबुजले. पण सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तयार केलेला तो आवाज! दात गेले तरी त्याला हळू बोलणं माहीत नव्हतं. बाहेरचं हसणं एकदम थांबलं.

"सर फार विनोदी आहेत हो," अध्यक्ष कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाले. मग घसा खाकरून, "हे बघा, जे काय असेल ते समारंभानंतर शांतपणे बोलू. हॉलचं बुकिंग झालंय."

पडदा सरकला. ताई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"निळं माझं होतं," ती म्हणाली. "हिचं तपकिरी."

दोघी एका खोलीत, एका पांघरुणात वाढलेल्या. एकमेकींच्या वेण्या घालून द्यायच्या, एकाच दिव्याखाली अभ्यास करायच्या, आणि अर्ध्या रात्री दोघीही जाग्या राहून एकमेकींना झोपलेलं समजायच्या. मावशीला ताईचा संतापही आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. सर खुर्चीतून उठायला धडपडत होते, त्यांच्याकडे कोणी हात पुढे केला नाही.

"मी स्वतःला सांगत आले गं," ताई म्हणाली, "की तसं काही नव्हतंच. शिकवणंच होतं ते."

"कवळीचं मात्र उद्यापर्यंत..." अध्यक्षांनी पलीकडून विचारलं.

मावशीने माप कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

तेवढ्यात भाची ताईच्या मागून पुढे आली. तिने आईकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. "म्हणजे मला आता परत जावं नाही ना लागणार?" तिने विचारलं.

"परत?" ताई म्हणाली. "उद्यापासून ना तुझं सुरू होणार?"

पोरगी मावशीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.